ॲल्बर्ट सेबिन

पोलंड देशाच्या ईशान्येस बियालिस्टोक नावाचे एक शहर आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. कापड विणण्याचा धंदा तेथे मोठा असून वस्तीत ज्यू लोकांचा भरणा पुष्कळ होता. 1906 सालच्या जून महिन्यात या शहरात ज्यूंची भीषण कत्तल झाली. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, 26 ऑगस्ट रोजी, तेथील एका विणकराच्या घरी एक मुलगा जन्माला आला. घरच्यांनी त्याचे नाव अब्राम ठेवले. कुळाचे आडनाव सापरस्टाइन. पुढे जगाने त्याला ॲल्बर्ट सेबिन या नावाने ओळखले.

पहिले महायुद्ध संपले तरी त्या प्रदेशातील ज्यूंच्या जिवाचा घोर संपला नव्हता. अखेर 1921 साली हे कुटुंब गाव सोडून अमेरिकेस गेले व न्यू जर्सी राज्यातील पॅटर्सन या गावी राहू लागले. त्या वेळी मुलाचे वय पंधरा वर्षांचे होते. इंग्रजीचा एक शब्दही त्याला येत नव्हता. चुलत भावंडांनी काही आठवडे त्याच्याकडून ती भाषा घोटून घेतली आणि तो शाळेत दाखल झाला. नव्या भाषेतच त्याने शालेय शिक्षण पूर्ण केले.

पुढे काय, हा प्रश्न गरीब घरात नेहमीच कठीण असतो. न्यू यॉर्क शहरात राहणारे त्याचे एक नातलग दातांचे वैद्य होते. मुलाने आपलाच व्यवसाय शिकावा, खर्च आपण करू, असे त्यांनी सांगितले. मुलगा त्याप्रमाणे न्यू यॉर्क विद्यापीठात दंतवैद्यक शिकू लागला. एक-दोन वर्षे गेली आणि पॉल दे क्रुइफ या लेखकाचे एक पुस्तक त्याच्या हाती पडले. पाश्चर, कॉख यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी रोगजंतूंचा माग कसा काढला, याच्या हकिकती त्या पुस्तकात होत्या. त्या वाचून मुलाचे मन दातांवरून पार उडाले. आपण दंतवैद्य होणार नाही, रोगजंतूंचा अभ्यास करणार, असे त्याने नातलगांना कळविले. त्यांनी पैसे देणे बंद केले. मग मिळेल ते काम करून आणि शिष्यवृत्ती मिळवून त्याने वैद्यकाचा अभ्यास चालू ठेवला. विद्यापीठातील नामांकित जंतुशास्त्रज्ञ विल्यम पार्क यांनी या तरुणाला हाताशी धरले. फुप्फुसदाहाचे जंतू कोणत्या प्रकारचे आहेत हे थोड्या तासांत ओळखण्याची एक रीत त्याने विद्यार्थिदशेतच शोधून काढली. 1930 साली तो अमेरिकेचा नागरिक झाला, तेव्हा त्याने सेबिन हे आडनाव घेतले. आणि 1931 साली तो डॉक्टर झाला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात न्यू यॉर्क शहरात बालपक्षाघाताची, म्हणजे पोलिओची, साथ आली.

आजच्या मुलांना या रोगाच्या दहशतीची कल्पना येणे अवघड आहे. आदल्या दिवशी अंगणात बागडणारे मूल सकाळी किंचित तापाने उठे. मान दुखते, पाय दुखतात, एवढीच त्याची तक्रार असे. दोन-तीन दिवसांत एक पाय, कधी दोन्ही पाय लुळे पडत. पुष्कळांचे ते लुळेपण जन्मभर जात नसे. रोगाचा हल्ला श्वासाच्या स्नायूंवर झाला, तर मुलाला एका लोखंडी नळकांड्यात निजवून केवळ डोके बाहेर ठेवीत. नळकांड्यातील हवेचा दाब यंत्राने कमीजास्त केला जाई आणि त्या योगाने मुलाचा श्वास चाले. उन्हाळा आला की आईबाप मुलांना तलावावर पोहण्यास जाऊ देत नसत. चित्रपटगृहे ओस पडत. रोग श्रीमंतांनाही सोडीत नसे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी याच रोगाने गेले आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून सांभाळले. रोगाचे कारण एक अतिसूक्ष्म विषाणू आहे, एवढे शास्त्रज्ञांना कळले होते. परंतु तो मुलाच्या शरीरात शिरतो कोणत्या वाटेने, हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. तरुण डॉक्टर सेबिन यांनी या रोगाच्या अभ्यासास वाहून घेतले.

विषाणू नाकावाटे आत जातो व तेथून वासाच्या मज्जातंतूंमधून थेट मेंदू गाठतो, असे मत त्या काळी प्रबळ होते. सेबिन तेव्हा न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करीत होते. 1936 साली त्यांनी व त्यांचे सहकारी पीटर ऑलिट्स्की यांनी मानवी शरीराच्या निरनिराळ्या भागांच्या पेशी काचपात्रांत जिवंत ठेवल्या आणि त्यांत हा विषाणू सोडला. तो केवळ मज्जापेशींतच वाढला, इतर पेशींत वाढला नाही. या प्रयोगामुळे नाकाच्या वाटेचे मत आणखी दृढ झाले. शास्त्रातील चूक प्रयोगशाळेच्या चार भिंतींत राहत नाही. दुसऱ्याच वर्षी कॅनडातील टोरोंटो शहरात साथ आली असता काही हजार मुलांच्या नाकांत जस्ताच्या क्षाराचा फवारा मारण्यात आला. विषाणूची वाट बंद व्हावी असा हेतू होता. साथ थांबली नाही. मात्र काही मुलांचे वासाचे ज्ञान गेले.

सेबिन यांचा प्रयोग काळजीपूर्वक केलेला होता, पण त्यात एक खोच राहून गेली होती. प्रयोगासाठी घेतलेला विषाणू अनेक वर्षे माकडांच्या मेंदूतच वाढविला गेला होता. मज्जापेशींची त्याला अशी सवय जडली होती, की इतर पेशींत तो रुजेनासा झाला होता. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाकडे पाहून सर्व पोपट पिंजऱ्यातच जगतात असे म्हणावे, तसा हा प्रकार झाला.

1939 साली सेबिन ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे मुलांच्या रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत रुजू झाले. पुढील तीस वर्षे हीच त्यांची कर्मभूमी. तेथे प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच आजारी मुलांच्या खाटा होत्या. आपल्या जुन्या निष्कर्षाविषयी त्यांच्या मनात शंका येऊ लागली होती. माकडांवरून अनुमान बांधण्यापेक्षा या रोगाने दगावलेल्या माणसांच्या शरीरातच विषाणूचा शोध घ्यावा, असे त्यांनी ठरविले. रॉबर्ट वॉर्ड या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मृत रुग्णांच्या देहांची परीक्षा आरंभिली. काम दुःखद होते. त्यांतील पुष्कळसे देह मुलांचे होते. नाकाचे अस्तर, घसा, आतडी, मेंदू, मज्जारज्जू, प्रत्येक भागाचा अंश वेगळा काढून, त्यात विषाणू आहे की नाही, हे ते बारकाईने तपासीत. 1941 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. नाकाच्या अस्तरात विषाणू सापडला नाही. तो सापडला आतड्यांत. म्हणजे हा विषाणू तोंडावाटे, मळलेल्या हातांवाटे, दूषित पाण्याअन्नावाटे पोटात जातो, आतड्यांत वाढतो, विष्ठेवाटे बाहेर पडतो आणि क्वचितच एखाद्या दुर्दैवी मुलाच्या मज्जारज्जूपर्यंत पोचतो. पाच वर्षांपूर्वी स्वतःच मांडलेले मत सेबिन यांनी असे स्वतःच्या हातांनी मोडून काढले. पुढे त्यांनी जे काही केले, त्याचे बीज या एका शोधात आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सैन्याच्या वैद्यकीय दलात गेले. डेंग्यू ताप, वाळूमाशीचा ताप, जपानी मेंदूज्वर अशा रोगांवर त्यांनी तेथे काम केले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा सिनसिनाटीस परतले.

1949 साली बोस्टन शहरात जॉन एंडर्स, टॉमस वेलर व फ्रेडरिक रॉबिन्स या तिघांनी पोलिओचा विषाणू मज्जापेशींखेरीज इतर पेशींत वाढवून दाखविला. आता लशीसाठी लागेल तेवढा विषाणू निर्माण करणे शक्य झाले. निकड तर फार होती. 1952 या एकाच वर्षी अमेरिकेत सुमारे 58 हजार लोकांना हा रोग झाला. पिट्सबर्ग येथील योनास साल्क यांनी विषाणू औषधाने मारून त्याची टोचण्याची लस तयार केली. 1954 साली तिच्या चाचणीत अमेरिकेतील सुमारे 18 लाख मुलांनी भाग घेतला आणि 12 एप्रिल 1955 रोजी ती यशस्वी झाल्याचे जाहीर होताच देशभर आनंदोत्सव झाला. साल्क हेही ज्यू कुटुंबातले आणि न्यू यॉर्क विद्यापीठातच वैद्यक शिकलेले.

सेबिन यांना मात्र ही लस अपुरी वाटे. टोचलेल्या लशीने रक्तात प्रतिकारशक्ती येते व मूल लुळे होण्यापासून वाचते, हे खरे. परंतु विषाणू आतड्यात आला तर तेथे तो वाढू शकतो आणि त्या मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे जाऊ शकतो. घराच्या आतील दालनाला कुलूप घातले तरी अंगणाचे फाटक उघडेच राहावे, तसे हे होते. रोग ज्या वाटेने येतो त्याच वाटेने लसही गेली पाहिजे, असा त्यांचा विचार होता. विषाणूला न मारता दुर्बळ करावे आणि तोंडावाटे पोटात सोडावे. तो आतड्यांत थोडा वाढेल, रोग करणार नाही आणि आतड्यांनाच प्रतिकार शिकवील. शिवाय सुई नको, ती उकळण्याचा खटाटोप नको. खेड्यापाड्यांतही कोणीही अशी लस देऊ शकेल.

विचार सरळ, पण काम जिकिरीचे. पोलिओचे विषाणू तीन प्रकारचे. प्रत्येक प्रकारातून असा वंश निवडावयाचा, की जो आतड्यांत वाढेल पण मज्जारज्जूला इजा करणार नाही. विषाणू पेशींत पुनःपुन्हा वाढवावयाचा, त्यातून एकेक वंश वेगळा काढावयाचा आणि तो माकडाच्या मज्जारज्जूत टोचून पाहावयाचा. माकड लुळे पडले की तो वंश बाद. या कामी सुमारे 9,000 माकडे व शंभराहून अधिक चिंपांझी खर्ची पडले. अखेर मनाजोगे तीन वंश हाती लागले.

आता ते माणसाला देऊन पाहावयाचे होते. जिवंत विषाणू मुद्दाम पोटात घालावयाचा, ही गोष्ट साधी नव्हे. सेबिन यांनी तो प्रथम स्वतः घेतला. सहकाऱ्यांनी घेतला. ओहायोतील चिलिकॉथी येथील तुरुंगातील काही कैदी स्वखुशीने या चाचणीस पुढे आले. बंदिवानाची खुशी कितपत खरी मानावी, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. आज अशा चाचण्यांवर फार कडक निर्बंध आहेत. सर्व सुखरूप राहिले. मग सेबिन यांनी आपल्या पत्नीला व दोन लहान मुलींना ती लस दिली. माकडांच्या पिंजऱ्यांपुढे त्यांनी वर्षानुवर्षे काढली होती. लुळेपण कसे चढत जाते, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेले लोक थोडेच असतील. अशा माणसाने स्वतःच्या मुलींपुढे तो चमचा धरला. मुलींना काही झाले नाही.

लस तयार होती, पण ती मोठ्या प्रमाणावर पारखण्यास जागा नव्हती. अमेरिकेत बहुतेक शाळकरी मुलांना साल्क यांची लस टोचली गेली होती. त्यातच 1955 साली एका कारखान्याच्या हलगर्जीपणामुळे टोचण्याच्या लशीच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू राहून गेला. दोनशेच्या आसपास माणसे लुळी पडली, दहा दगावली. यानंतर जिवंत विषाणू हे शब्दसुद्धा लोकांना नकोसे झाले. साल्क यांच्या लशीवर लोकांचा विश्वास बसलेला असताना दुसरी लस हवीच कशाला, असेही पुष्कळ जण विचारू लागले.

मार्ग निघाला तो कोणी अपेक्षिला नव्हता अशा दिशेने. अमेरिका व सोव्हिएत रशिया यांचे त्या काळी हाडवैर होते. दोघेही अणुबाँबचे साठे करीत होते. परंतु रशियातही पोलिओ वाढत चालला होता. 1956 च्या जानेवारीत मिखाईल चुमाकोव्ह, त्यांच्या पत्नी मरीना व्होरोशिलोव्हा आणि अनातोली स्मोरोदिन्त्सेव्ह हे तीन रशियन शास्त्रज्ञ अमेरिकेत आले. चुमाकोव्ह यांचा उजवा हात पूर्वी मेंदूज्वराच्या विषाणूवर काम करताना त्याच रोगाची बाधा होऊन लुळा पडला होता. सेबिन रशियाच्या अमलाखालील गावी जन्मलेले असल्यामुळे पाहुण्यांची भाषा त्यांना अगदीच परकी नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये ते लेनिनग्राड व मॉस्को येथे जाऊन आले आणि पुढे सरकारी परवानगीने आपले तिन्ही वंश त्यांनी रशियन शास्त्रज्ञांच्या हवाली केले. चुमाकोव्ह व व्होरोशिलोव्हा यांनीही लस प्रथम आपल्या मुलांना दिली. मग 1959 साली मोठी मोहीम सुरू झाली. रशियातील मुलांना ही लस गोळ्याबिस्किटांच्या दुकानात मिळावी तशा गोड गोळीतून मिळे. 1960 च्या अखेरीस तेथे 7 कोटींहून अधिक लोकांनी ती घेतली होती आणि पोलिओचे रुग्ण झपाट्याने कमी झाले होते.

रशियाने दिलेल्या आकड्यांवर अमेरिकेतील लोक विश्वास ठेवावयास तयार होईनात. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने येल विद्यापीठातील डॉ. डोरोथी हॉर्स्टमन रशियात गेल्या. त्या स्वतः पोलिओच्या नामवंत अभ्यासक होत्या. त्यांनी प्रयोगशाळा पाहिल्या, नोंदवह्या तपासल्या आणि काम चोख झाल्याचा निर्वाळा दिला.

24 एप्रिल 1960, रविवार. सिनसिनाटीतील शाळा व दवाखाने यांच्यापुढे मुलांच्या रांगा लागल्या. त्या दिवशी सुमारे 20 हजार मुलांनी गोड पाकातून ही लस घेतली. अमेरिकेत ती जनतेला मिळाली ती प्रथम येथे. दोन वर्षांत तिन्ही प्रकारांच्या लशींना सरकारी मान्यता मिळाली आणि साखरेच्या वडीवरील थेंब देशोदेशी पोचले. या लशीवर सेबिन यांनी पेटंट घेतले नाही, की तिच्या विक्रीतून एक पैसा घेतला नाही. मूळ वंश त्यांनी पुढे जागतिक आरोग्य संघटनेस देऊन टाकले.

सेबिन स्वभावाने सौम्य नव्हते. वादात ते फार कठोर बोलत. साल्क व ते यांचे अखेरपर्यंत जमले नाही. चुकलेला प्रयोग मात्र ते पदरात बांधून बसत नसत. 1973 साली काही कर्करोगांचे कारण एक विषाणू आहे असे त्यांनी जाहीर केले. फिरून प्रयोग करता तसे आढळेना, तेव्हा पुढच्याच वर्षी त्यांनी ते मत उघडपणे मागे घेतले. मात्र एका बाबतीत हा निःस्पृहपणा त्यांना साधला नाही. तोंडाने दिलेल्या लशीतील दुर्बळ विषाणू लाखो मुलांमागे एखाद्या मुलाच्या पोटात पुन्हा सबळ होतो व त्यास लुळे करतो, असे पुरावे हळूहळू पुढे येऊ लागले. सेबिन यांनी ते दीर्घकाळ मानले नाहीत. आयुष्याचे सारे श्रम जिच्यात ओतले, तिचा दोष पाहणे त्यांना जड गेले असावे. परंतु तो दोष खरा होता. त्यापायी अमेरिकेने 2000 सालापासून केवळ टोचण्याची लस चालू ठेवली.

आपली लस कशी द्यावी, याविषयी त्यांचा आग्रह होता. एकेका मुलाची वाट पाहत बसू नये, ठरावीक दिवशी गावातील सर्व लहान मुलांना एकदम लस द्यावी, म्हणजे रानटी विषाणूला आतड्यांत जागाच उरणार नाही. क्यूबाने 1962 साली व ब्राझीलने 1980 साली अशा मोहिमा केल्या आणि दोन्ही देशांतून रोग गेला. 1983 साली मानेच्या मणक्यांच्या विकाराने सेबिन स्वतः काही काळ पंगू झाले. त्यातून उठून ते पुन्हा कामास लागले. 3 मार्च 1993 रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, वॉशिंग्टन येथे त्यांचा अंत झाला.

भारतात सार्वत्रिक लसीकरणाचा दिवस त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 1995 साली आला. आपल्याकडे पोटाचे विकार अधिक असल्यामुळे दोन-तीन मात्रांनी भागत नव्हते. पुनःपुन्हा थेंब द्यावे लागत. महाराष्ट्रात शाळा आणि अंगणवाड्या यांबरोबरच एसटीचे थांबे, रेल्वेची फलाटे, वीटभट्ट्या, ऊसतोडणी कामगारांची पाले येथेही बर्फाच्या पेटीतून लस जाऊ लागली. थेंब घेतलेल्या बाळाच्या डाव्या करंगळीला शाईची खूण करीत. देशातील रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. ती दीड वर्षांची मुलगी होती. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. 2015 सालापासून आपल्या देशात थेंबांबरोबर टोचण्याची लसही देऊ लागले. त्यामुळे आज महाराष्ट्रातील सहा आठवड्यांचे बाळ आरोग्य केंद्रात येते, तेव्हा परिचारिका त्याच्या जिभेवर सेबिन यांचे दोन थेंब सोडते आणि दंडावर साल्क यांची सुई टोचते. दोन्ही नोंदी एकाच पत्रिकेवर होतात.